लोअरिंग स्प्रिंगा बसवल्याने गाडी घाटात अधिक चांगली वळते का?

वाचकांचे प्रश्न : मोटार आणि रस्ता

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी २०१५ सालची पोर्शे केमन पुण्याहून सेकंडहँड घेतली. ती आजवर ५२,००० किलोमीटर चालली आहे. रविवारी पहाटे यवतेश्वरमार्गे कासला किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाणे हा माझा नेहमीचा क्रम आहे. गाडीत मूळचेच साधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या, लोअरिंग स्प्रिंगा घातल्यास ती वळणावर झुकणार नाही आणि पकडही वाढेल, असे मित्र सांगतात. मूळचेच शॉक चालतील, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गाडीच्या दिसण्यात फरक नक्कीच पडेल आणि पहिल्याच फेरीत ती अधिक चपळ झाल्यासारखी वाटेल. मात्र आपण ज्या रस्त्यांची नावे लिहिली आहेत त्या रस्त्यांवर, मूळच्या शॉकवर केवळ स्प्रिंगा बदलून गाडीची खरी पकड वाढेल असे मला वाटत नाही. ती कमी होण्याचीच शक्यता मला अधिक दिसते आणि हे मत मी कारणांसह मांडतो, म्हणजे आपल्याला ते पारखून घेता येईल.

प्रथम लाभाची बाजू पाहू. वळण घेताना गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते आणि हे सरकणे जितके कमी, तितकी चारही टायरची मिळून पकड अधिक असते. सरकणारे वजन गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते, त्यामुळे गाडी खाली घेण्यामागचा विचार चुकीचा नाही. परंतु त्याचे माप किती, हे मोजून पाहावे. हिशेबापुरते चालकासह गाडीचे वजन १,४०० किलो, दोन चाकांमधील रुंदी १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ४८ सेंटिमीटर धरली, तर ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतक्या जोरदार वळणात सुमारे ३५८ किलो वजन बाहेरच्या बाजूला जाते. गाडी ३० मिलिमीटर खाली आल्यावर हाच आकडा सुमारे ३३६ होतो. म्हणजे सर्व खटाटोपानंतर हाती लागतात ते २२ किलो, जेमतेम सहा टक्के. गुळगुळीत ट्रॅकवर हे सहा टक्केही मोलाचे असतात, घाटात मात्र त्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

केमनला पुढे आणि मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक मिळून एकच उभा खांब (स्ट्रट) असतो. या रचनेत गाडीचे अंग ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि गुरुत्वमध्य ते रोल सेंटर हे अंतर म्हणजे गाडीला झुकवणाऱ्या बळाची जणू पहारच होय. गाडी खाली आली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली जाते. परिणामी पहार लांबते आणि नव्या स्प्रिंगांच्या वाढीव कडकपणाचा काही भाग त्या लांबलेल्या पहारीला तोंड देण्यातच खर्ची पडतो. शिवाय चाक वर दाबले जाताना त्याला वळणात उपयोगी पडणारा जो उणा कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणे) मिळायला हवा, तोही आर्मचा कोन बिघडल्यामुळे कमी मिळतो आणि खड्ड्यावरून जाताना स्टीअरिंग न फिरवताही चाक किंचित आत-बाहेर वळू लागते. अभियंत्यांनी आर्म, टाय रॉड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) आणि स्ट्रट यांचे कोन एका ठराविक उंचीसाठी जुळवलेले असतात आणि आपण नेमकी तीच उंची बदलतो.

खरी अडचण मात्र चाकाच्या चालीत आहे. चाकाला वर येण्यासाठी, बंप स्टॉपच्या रबराला टेकेपर्यंत, समजा ६० मिलिमीटर जागा आहे. मूळच्या शॉकवर गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली की त्यातली निम्मी जागा गाडी उभी असतानाच संपते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे निम्म्या अंतरात तोच धक्का पचवायचा असेल तर स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा मूळच्यापेक्षा साधारणपणे २० ते ३० टक्के कडक असतात. आयबाख किंवा एच अँड आर यांसारख्या नामांकित जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंगांचे पोलाद आणि घडण उत्तम असते, याबद्दल मला शंका नाही, पण अंतराचा हा हिशेब कोणत्याही पोलादाला चुकवता येत नाही.

चाक बंप स्टॉपवर आदळले की त्या कोपऱ्यातील कडकपणा क्षणार्धात कित्येक पटींनी वाढतो, टायरवरचा भार उसळतो आणि लगेच ओसरतो, आणि त्या ओसरण्याच्या क्षणी टायर सुटतो. हे मी पसरणी घाटात एका परिचिताच्या खाली घेतलेल्या हॅचबॅकमध्ये शेजारी बसून अनुभवले आहे. पाचगणीहून उतरताना डावीकडच्या वळणात गाडी अगदी स्थिर होती, झुकत नव्हती, आणि म्हणूनच वेग थोडा वाढला होता. पावसाळ्यानंतर बुजवलेल्या एका खड्ड्याच्या उंचवट्यावर बाहेरचे पुढचे चाक गेले, खालून ठक्क असा आवाज आला आणि गाडीचे नाक हातभर बाहेर सरकले. समोरून एसटी येत नव्हती, म्हणून निभावले. तोच उंचवटा मूळच्या सस्पेन्शनने निमूटपणे गिळला असता.

मग गाडी खाली घेतलेल्या इतक्या लोकांना ती सुधारल्यासारखी का वाटते? कडक स्प्रिंगमुळे गाडीचे अंग कमी झुकते, स्टीअरिंग फिरवताच नाक वळते आणि त्यामुळे चालकाचा विश्वास वाढतो. कमी झुकणे आणि जास्त पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बसणाऱ्याच्या शरीराला पहिलीच जाणवते. दुसरी मर्यादेच्या काठावर गेल्यावरच कळते आणि घाटात तो काठ सार्वजनिक रस्त्यावर असतो, हे मला फार काळजीचे वाटते.

गॅरेजवाले म्हणतात तसे मूळचे शॉक बसतील, हे खरे आहे, पण ते पुरेसे पडतील असा त्याचा अर्थ होत नाही. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली की तिची उसळी तितक्याच प्रमाणात आवरण्यासाठी शॉकचा विरोध सुमारे १२ टक्क्यांनी वाढायला हवा. ५२,००० किलोमीटर चाललेल्या शॉकचा विरोध वाढत नाही, तो झिजेने कमी झालेला असतो. खुद्द पोर्शेचे उदाहरण घ्यावे : इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉक, म्हणजे पीएएसएम, घेतल्यास केमन साध्या सस्पेन्शनच्या मानाने १० मिलिमीटर खाली बसते आणि पुढच्या ७१८ केमन एसला २० मिलिमीटर खाली बसणारे स्पोर्ट्स सस्पेन्शनही मिळत असे. कारखान्याने उंची कमी केली तेव्हा तिच्याबरोबर शॉकही त्या उंचीला जुळणारे दिले. ज्यांनी ही गाडी घडवली त्यांनीच जिथे २० मिलिमीटरपर्यंत इतकी तयारी केली, तिथे जुन्या शॉकवर ३० मिलिमीटरची उडी घेण्याचे धाडस मी करणार नाही.

आता गतिरोधकांविषयी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा आणि त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असावी. केमनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,४७५ मिलिमीटर आहे. अशा प्रमाणित गतिरोधकावर चारही चाके चढलेली असताना मधोमध पोटाखालची जागा सुमारे ४५ मिलिमीटरने कमी होते. पण आपल्याकडे गावोगावी जे अरुंद, उभे गतिरोधक घातलेले असतात, ते दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतात आणि तेव्हा त्यांची सगळी उंची पोटाखालून वजा होते. आपण ३० मिलिमीटर देऊन टाकण्यापूर्वी टेप घेऊन गाडीच्या पोटाखालची जागा मोजावी आणि आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट गतिरोधकही मोजावा. हा निर्णय कॅटलॉग पाहून घेण्यासारखा नाही.

खर्च करायचाच असेल तर माझा क्रम असा राहील. सर्वप्रथम टायर पाहावेत. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख असते, उदाहरणार्थ २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या टायरची नक्षी पुष्कळदा शिल्लक असते, पण रबर वयाने कडक झालेले असते आणि अशा टायरवर कोणतीही स्प्रिंग काम करू शकत नाही. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून त्याचा छापील कागद मागून घ्यावा. मग शॉक, त्यांचे वरचे माउंट आणि आर्मचे बुश (सांध्यातील रबरे) तपासून जे झिजले असेल ते मूळ प्रतीचे बदलावे. माझा अनुभव असा आहे की दहा वर्षांच्या गाडीला एवढ्यानेच असा टवटवीतपणा येतो की पुष्कळ जण स्प्रिंगांचा विचार सोडून देतात.

एक सोपी चाचणीही करून पाहावी. शॉकवरील धुळीचे रबरी आवरण वर सरकवून त्याच्या दांड्यावर प्लास्टिकची झिप टाय जागेवर राहील पण ढकलल्यास सरकेल इतपत बांधावी, ती शॉकच्या तोंडाला टेकवून ठेवावी आणि आपल्या नेहमीच्या वेगाने कासपर्यंत जाऊन यावे. परत आल्यावर टाय जिथे सरकलेली दिसेल तितकी चाल आपण प्रत्यक्षात वापरता. ती बंप स्टॉपच्या आधी ३० मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर थांबली असेल, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गाडीने दिले असे समजावे.

यानंतरही गाडी खाली घ्यावीशी वाटली, तर १० ते १५ मिलिमीटरवर थांबावे आणि स्प्रिंगांना जुळणारे शॉक एकाच संचात घ्यावेत. बसवताना आर्मचे बुश-बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले पाहिजेत, कारण चाके लोंबकळत असताना आवळलेले रबरी बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. काही शे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पुन्हा अलाइनमेंट करावे आणि हेडलाइटची दिशाही तपासावी.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. म्हणून काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

प्रश्न : माझ्या ऑक्टाव्हिया आरएसला गेल्या दिवाळीत लोअरिंग स्प्रिंगा बसवल्या. आता पुढचे टायर आतल्या कडेने झिजू लागले आहेत. हा कॅम्बरचा दोष आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काही अंशी आहे, पण मुख्य संशय टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळली आहे ते माप, बिघडल्याचा घ्यावा. गाडी खाली आली की उभ्या गाडीतला उणा कॅम्बर थोडा वाढतो आणि त्याबरोबर टोही बदलतो. केवळ कॅम्बरमुळे टायरची कड सावकाश झिजते, पण टो चुकला असेल तर टायर प्रत्येक किलोमीटरला रस्त्यावर आडवा घासत जातो. कडेवरून बोट फिरवून पाहावे. एका दिशेने रबर गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर दोष टोचाच आहे. स्प्रिंगा बसवल्यानंतर अलाइनमेंट केले नसेल, तर आज-उद्या करून घ्यावे, आणि झिजलेली कड आतल्या बाजूला असल्यामुळे सहसा दिसत नाही, म्हणून स्टीअरिंग पूर्ण वळवून टायरमधल्या तारा उघड्या पडल्या आहेत का तेही पाहावे.

प्रश्न : महागड्या स्प्रिंगा घेण्याऐवजी मूळच्याच स्प्रिंगचा एक वेढा गॅसकटरने कापून देतो, असे एक मेस्त्री सांगतात. चालेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : कृपा करून हे करू नये. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती सुमारे २० टक्के कडक होते, हे गणित बरोबर आहे, आणि म्हणूनच ही युक्ती काम करते असे वाटते. पण गॅसच्या आगीने कापलेल्या भागाजवळचे पोलाद आपला पाणीदारपणा, म्हणजे लवचीक ताकद, गमावते आणि तिथेच पुढे स्प्रिंग खचते किंवा तुटते. शिवाय स्प्रिंगचे टोक बैठकीत बसेल अशा आकाराचे घडवलेले असते, तो आकार कापल्यावर राहत नाही. चाक खड्ड्यात उतरून लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून सरकू शकते आणि ती वळणात सरकली तर सावरायला वेळ मिळत नाही. कापून झाले असेल, तर त्या गाडीने लांबचा प्रवास करू नये आणि त्या (पुढच्या किंवा मागच्या) जोडीतील दोन्ही स्प्रिंगा नव्या, मूळ प्रतीच्या घालून घ्याव्यात.