सात वर्षांच्या मुलीला हस्तकलेतून सांगाडा कसा शिकवावा?

काळ्या कागदावर कापसाच्या काड्या चिकटवून सांगाडा झाला, दिसतोही छान, पण दोन दिवसांनी मुलीला एकाही हाडाचं नाव आठवेना, तर आता काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर नावांचा नाद सध्या सोडाच. चिकटवलेला सांगाडा जागचा हलत नाही, खरी मेख तिथे आहे. तो पाहून मुलांना चित्र कळतं, पण एवढी हाडं कशाला लागतात ते कळत नाही. म्हणून आधी सांधे शिकवा.

मी मुलांच्या शिबिरांत हे करून घेते तेव्हा पूर्ण सांगाड्याच्या वाटेला जातच नाही, फक्त पंजा करायला घेते. मोठ्या माणसाच्या २०६ हाडांपैकी एकेका हातात, मनगट धरून, २७ आणि एकेका पावलात २६ हाडं असतात. चारही मिळून १०६, म्हणजे अर्ध्याहून जास्त. शिवाय नमुना मुलीच्या स्वतःच्या हाताला जोडलेलाच आहे, पुस्तक उघडायला नको.

जाड कार्डपेपरवर तिचा हात ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. मनगटाखाली धरायला थोडा कागद राहू द्या. लगेच हाडांसाठी स्ट्रॉ कापायला बसू नका. आधी तिला एकेक बोट दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून चाचपू दे, आणि जिथे जिथे वाकतं तिथे कागदावर रेघ मारू दे. बोटांच्या मधल्या रेघा बरोबर येतात. अंगठ्याला दोनच पेरं आहेत हेही मुलं आपणहून शोधतात आणि लगेच पायाचा अंगठा तपासायला जातात (तिथेही दोनच). गडबड होते ती बोटाच्या मुळाशी. तळहाताकडून पाहिलं तर बोट जिथे सुटं होतं तिथेच सांधा असावा असं वाटतं, आणि सगळी मुलं तिथेच रेघ मारतात. मग तिला मूठ वळायला सांगा. वर जे उंचवटे येतात तो खरा सांधा, आणि तो तळहातात चांगलाच मागे असतो. तुम्ही उत्तर सांगू नका, तिलाच रेघ खोडून मागे सरकवू द्या.

आता प्रत्येक रेघेवर कागद एकदा दुमडून घ्या आणि रेघांच्या मधल्या भागांत स्ट्रॉचे तुकडे चिकटवा. तुकडा रेघेला टेकला तर बोट वाकणार नाही, तेव्हा दोन्हीकडे जरा जागा सोडा. तळहातात पाच लांब तुकडे लागतील. मनगटातली ८ छोटी हाडं मी करत नाही, तिथे कागद तसाच सोडते. प्रत्येक बोटाच्या टोकाला दोरा चिकटपट्टीने पक्का करा, सगळ्या तुकड्यांतून ओवून मनगटाशी बाहेर काढा आणि ओढा. बोट वळतं! पहिल्यांदा वळलं की पुढची दहा मिनिटं तुमचं कोणी ऐकणार नाही, हे गृहीत धरा.

तो भर ओसरला की दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे खऱ्या हातात ही दोरी, म्हणजे कंडरा, हाडाच्या पोटातून जात नाही. ती तळहाताच्या बाजूने हाडाला लागून जाते. दुसरी जास्त मजेची: बोटांमध्ये स्नायूच नसतात. तिला एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरायला सांगा आणि धरलेल्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी नाचवायला लावा. कातडीखाली काहीतरी सरकतंय हे तिला लगेच लागेल. आपला दोरा मनगटाशी संपतो, हिची दोरी ओढणारा तिथे वर बसलाय.

पंजा झाला की तो वाया घालवू नका, त्याला हात जोडा. कोपर ते मनगट दोन हाडं असतात. दोन पेन्सिली एका टोकाला रबरबँडने सैल बांधा. दुसरी टोकं पंजाच्या मनगटाला, एक अंगठ्याच्या बाजूला आणि एक करंगळीच्या, चिकटपट्टीने लावा. तळहात वर असताना पेन्सिली शेजारी शेजारी राहतात, पंजा पालथा केला की एकमेकींवर फुली मारतात. आपल्या हातातही हुबेहूब हेच होतं. किल्ली फिरवणं त्यामुळेच जमतं.

पाठीचा कणा पुढच्या सुट्टीला ठेवा. पुठ्ठ्याच्या २४ चकत्या दोऱ्यात ओवायच्या, मध्ये मध्ये मणक्यांमधली गादी म्हणून स्पंजच्या. मानेचे ७ मणके, पाठीचे १२, कंबरेचे ५. पाठीच्या प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. जिराफाच्या मानेतही ७ च मणके असतात, फक्त लांबलचक, हे सांगितल्यावर मुलं तुमच्याकडे संशयाने बघतात. स्पंज काढून नुसता पुठ्ठा घट्ट ओवून दाखवलात तर कणा वाकत नाही, मग गादीचं काम वेगळं समजवावं लागत नाही.

त्याखाली त्रिकास्थी आणि माकडहाड. तिथे बरेच मणके जुळून एकसंध झालेले असतात, आणि इथेच एक महत्त्वाचा विषय निघतो. जन्मलेल्या बाळात जवळपास ३०० हाडं असतात, मोठेपणी २०६ उरतात. हरवत नाहीत, जुळतात. तुमच्या मुलीच्या हाताचा एक्स-रे काढला तर मनगटाच्या ८ हाडांपैकी सगळी सहसा त्यात दिसणार नाहीत, एखाददुसरं राहतं, कारण ते अजून कूर्चाच, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखं लवचीक, असतं. हाड म्हणजे वाळकं, पांढरं, मेलेलं काहीतरी, हा समज मोडायला एवढं पुरतं. रक्तातल्या पेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात हे त्याला जोडून सांगा, म्हणजे सांगाडा आणि भूत यांची जोडीही सैल होते.

घरात चालत असेल तर कोंबडीच्या पायाचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. काही दिवसांत ते रबरासारखं वाकायला लागतं. आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि उरतं ते कोलॅजन, म्हणजे हाडातलं लवचीक प्रथिन. व्हिनेगर अधूनमधून बदला, आणि थोडा वायू निघतो म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावू नका.