कुत्र्याने फाडलेल्या कोंबडीच्या मोठ्या जखमेवर घरी कोणते उपचार करता येतात?

आपल्या परसातल्या गावठी कोंबडीला काल संध्याकाळी कुत्र्याने पाठीवर धरले, कातडी तळहाताएवढी फाटून आतले मांस दिसत आहे, ती उभी राहते पण खात नाही, असे आपण लिहिले आहे. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो आणि बरीच वर्षे कोंबड्या पाळतो. अशा दोन कोंबड्या माझ्या हातून वाचल्या आणि एक गेली, ती का गेली तेही पुढे सांगतो.

कोंबडीची कातडी अतिशय पातळ असते आणि ती खालच्या मांसाला सैल चिकटलेली असल्यामुळे सहज सोलली जाते, म्हणून जखम दिसायला फार भयंकर दिसते. केवळ कातडी गेली असेल आणि मांस शाबूत असेल, तर ती घरी भरून येऊ शकते. मात्र पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. श्वासागणिक जखमेतून बुडबुडे येत असतील तर त्यांपैकी एखादी फुटली आहे असे समजावे आणि त्या जागी पाण्याचा एक थेंबही घालू नये. बुडबुडे, बाहेर आलेले आतडे, मोडलेले हाड, किंवा गळ्याखालच्या पिशवीतून बाहेर गळणारे दाणे आणि पाणी, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपचारांचा विचार सोडून सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, मग तो कितीही लांब असो.

तसे काही नसेल तर प्रथम तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे करावे, कारण लाल मांस दिसले की बाकीच्या टोचून टोचून जखम वाढवतात. खोक्यात भुसा घालू नये, तो जखमेला चिकटतो. जुने धुतलेले कापड पुरे. कोंबडीचे अंग नेहमीच ४१ अंशांच्या आसपास असते, तेव्हा हाताला गरम लागले म्हणून ताप आला असे मानू नये. उलट ती धक्क्याने गारठते, म्हणून पहिली रात्र पडवीत, वाऱ्यापासून दूर ठेवावी. चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी थेट तिथे जाऊ शकते. ओआरएस किंवा पेजेचे पातळ पाणी वाटीत ठेवून चोचीचे टोक त्यात बुडवावे, ती स्वतः पिते.

धुण्यासाठी एक लिटर पाणी उकळून कोमट करावे आणि त्यात ९ ग्रॅम मीठ घालावे. बारीक मिठाचा हा अंदाजे सपाट दीड चमचा होतो. मिठागरातले जाडे मीठ असेल तर चमच्याने न मोजता वजन करावे. कडेची पिसे उपटू नयेत, कात्रीने कापावीत. सुई काढलेल्या सिरिंजने जोर देऊन माती आणि पिसे निघेपर्यंत धुवावे, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे करून लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइड वारंवार वापरल्यास नवे येणारे मांसही जळते. जखम शिवू नये. कुत्र्याच्या दातांनी आत गेलेले जंतू टाके घातल्यावर आतच वाढतात, शिवाय पक्ष्यांचा पू पातळ न होता पनीरासारखा घट्ट बनतो आणि आपोआप वाहून जात नाही.

आता माझी चूक. तीन पावसाळ्यांपूर्वी एका तलंगेची, म्हणजे तरुण कोंबडीची, पाठ मी मन लावून धुतली, पण पंख उचलून पाहिले नाहीत. तिसऱ्या दिवशी खोक्याजवळ गोडसर कुजका वास आला, तेव्हा उजव्या पंखाखाली चिंचोक्याएवढे दुसरे भोक सापडले आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. चिमट्याने काढत गेलो तर त्या फासळ्यांपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. आपल्याकडे आषाढात ओल्या जखमेवर माशी तासाभरात बसते आणि तिची अंडी एका दिवसात फुटतात. म्हणून दात जिथे लागतात तिथे समोरच्या बाजूलाही त्यांची खूण असणारच, असे धरून पंखांखाली, पोटावर आणि शेपटीच्या मुळाशी पिसे फुंकून पाहावे, आणि खोक्यावर मच्छरदाणी घालावी. अळीवर फिनाईल किंवा रॉकेल ओतण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नये, कारण कोंबडी चोचीने अंग साफ करताना ते गिळते. (मधही मी लावून पाहिला. जखमेला त्याचा उपयोग झाला असता, पण मुंग्यांनी खोके गाठले.)

दिवसातून दोनदा धुऊन सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचा पातळ थर द्यावा. दोन-तीन दिवसांनी जखमेभोवती हिरवा रंग दिसला तर घाबरू नये; आपला मार काळानिळा पडतो, तसा कोंबडीचा हिरवा पडतो, ते सडणे नव्हे. दुर्गंधी, सूज किंवा तिसऱ्या दिवशीही न खाणे ही मात्र वाईट लक्षणे आहेत. प्रतिजैविक आणि वेदनाशामक डॉक्टरांनीच वजनावरून ठरवावे, आणि त्या काळातली अंडी किती दिवस खाऊ नयेत तेही त्यांनाच विचारावे. घरातली डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी कधीही देऊ नये. तिने पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि हे औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे मेल्यामुळेच २००६ मध्ये जनावरांसाठी तिच्यावर बंदी आली.

तळहाताएवढी जखम भरायला महिनाभर तरी लागतो. पूर्ण कातडी आल्यावरही एकदम कळपात सोडू नये, बाकीच्या तिला परकी समजून मारतात. आधी चार-पाच दिवस जाळीच्या पलीकडे ठेवावे आणि मग अंधार पडल्यावर खुराड्यातल्या दांडीवर बसवावे. पहाटे दार उघडताना आपण तिथे उभे असावे.