धूम्रपान सोडताना: श्रावण, माळ आणि औषध

वाचकांच्या पत्रांत गावे आणि वये बदलतात, गोंधळ मात्र तोच राहतो. सिगारेट सोडणे हा निव्वळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे असे मानणारे एकीकडे असतात, आणि एखादी पुडी घेतली की ती आपोआप सुटेल असे मानणारे दुसरीकडे. या वेळच्या पत्रांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: जेवणानंतर फक्त दोन सिगारेटी ओढतो. पूर्वी पाकीट लागत असे. आता धोका उरला नाही, असे समजावे का?

मुळीच समजू नये. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यात दिसले. पाकिटावरून दोनवर आलात, तशाच या दोनही सोडा आणि एकदा रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्या.

प्रश्न: सोडल्यावर वजन वाढते, हे खरे आहे का?

बहुतेकांचे चार-पाच किलो वाढते. त्याने होणारे नुकसान धूम्रपानाच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि मधुमेह असेल तर आहाराबद्दल आधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

प्रश्न: वय ४६, वीस वर्षांची सवय, रोज बारा-पंधरा सिगारेटी. दर वर्षी श्रावण पाळतो आणि गणपती जाईपर्यंत एकही ओढत नाही. त्यानंतर पुन्हा सुरू होते. म्हणजे मला व्यसन नाही, मनात आणले की सोडू शकतो, असे मित्र म्हणतात. पुढच्या श्रावणात कायमची सोडावी, असा विचार आहे.

मित्रांचे म्हणणे बाजूला ठेवा. तुमच्यासारखी पत्रे दर वर्षी येतात आणि प्रत्येक पत्राने मला सारखाच त्रास होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निकोटीन बंद झाल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रता न होणे, सारखी भूक लागणे ही लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि तीन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतात. श्रावण प्रतिपदेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत सुमारे दीड महिना होतो. याचा अर्थ असा की, दर वर्षी या कष्टाचा सर्वांत अवघड भाग तुम्ही कोणाच्याही मदतीशिवाय पार पाडता, शरीर निकोटीनशिवाय चालायला शिकते, आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही टपरीवर जाऊन सगळी कमाई परत करता. पुढच्या वर्षी तीच चिडचिड पुन्हा पहिल्या दिवसापासून सोसायची. व्रताला उद्यापन असते हे योग्यच आहे, पण सिगारेट सोडण्याला उद्यापनाची तारीख ठरवली की मन पहिल्या दिवसापासून त्या तारखेची वाट पाहू लागते.

विसर्जनानंतर जी सिगारेट ओढली जाते, ती शरीराच्या मागणीपेक्षा सवयीच्या जागांमुळे ओढली जाते: चहाची ती टपरी, दुपारचा तो कंपू, जेवणानंतरची ती पाच मिनिटे. तलफ येते तेव्हा ती सहसा काही मिनिटांतच उतरते, म्हणून तेवढा वेळ काढण्याची सोय आधी करून ठेवावी लागते. चहाची जागा बदला. जेवण झाल्यावर लगेच उठून चालायला निघा. घरातली आणि गाडीतली पाकिटे, लायटर, राखदाणी काढून टाका. काय चालले आहे हे पत्नीला आणि एका विश्वासू मित्राला स्पष्ट सांगा, आणि कंपूतल्या मंडळींना किमान एवढे सांगा की, सिगारेट पुढे करू नका. चहा-कॉफीही थोडी कमी करा, कारण धूर थांबल्यावर कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकते आणि त्यातून येणारी धडधड लोक सिगारेट सोडल्याच्या खात्यावर मांडतात.

आता पुढच्या श्रावणाबद्दल. तोपर्यंत थांबण्याचे काहीही कारण नाही. येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा आणि तिच्या आधीच डॉक्टरांना भेटा, कारण तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी ठरलेल्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करून बारा आठवडे घ्यावी लागते. ब्युप्रोपिऑन हे दुसरे औषध फिट येणाऱ्यांना चालत नाही. यांपैकी काय योग्य, हे तुम्हाला तपासल्याशिवाय मी सांगणार नाही आणि औषधाच्या दुकानदारानेही सांगू नये. पत्र वाचेपर्यंत श्रावण लागलाच असेल, तर त्याच महिन्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात काय करायचे हे त्यांच्याशी ठरवा. तुमच्या बाबतीत खरी परीक्षा त्या पंधरवड्याची आहे.

प्रश्न: आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि बिडी सोडली. डॉक्टरांनी निकोटीनचा गम दिला आहे. त्यातही निकोटीनच आहे, मग नियम मोडतो का? श्रद्धा असताना औषधाची गरज का पडावी?

नियमाचा निर्णय ज्यांच्याकडून माळ घेतली त्यांनी द्यावा. तो माझा अधिकार नाही. वैद्यकाच्या बाजूने सांगायचे तर, बिडीतून फुप्फुसात जाणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड गममध्ये नसते, आणि त्यातले निकोटीन हळूहळू कमी करत नेता येते. माळेमुळे तुमच्याभोवती बिडी पुढे न करणारी माणसे जमली, भजनाला आणि पहाटे उठण्याला जागा मिळाली. असा आधार कोणतेही औषध देऊ शकत नाही, आणि तो फार मोलाचा आहे. मात्र तलफ हा मेंदूत झालेल्या बदलाचा परिणाम आहे. ती आली म्हणून श्रद्धा कमी पडली, असे मानून स्वतःला दोष देणारी माणसे लाजेने कोणाला काही सांगत नाहीत आणि एकटीच पुन्हा बिडीकडे वळतात.

गम नेहमीच्या च्युइंगमसारखा सतत चघळू नये. तिखट चव लागेपर्यंत सावकाश चावून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा, असे साधारण अर्धा तास करावे. आधीची पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत चहा घेऊ नये. दोन मिलिग्रॅमचा की चारचा, हे डॉक्टर ठरवतील. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय गम सुरू करू नये.

प्रश्न: नवऱ्याला न कळत चहातून देण्याच्या पुडीची जाहिरात मोबाइलवर आली आहे. १००% हमी आहे. मागवू का?

मागवू नका. ज्या पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही, ती दुसऱ्याच्या चहात त्याला न सांगता घालणे धोक्याचे आहे, विशेषतः तो रक्तदाबाची किंवा साखरेची औषधे घेत असेल तर. व्यसनमुक्तीच्या कामात हमी देणारा माणूस भेटला की पाकीट सांभाळावे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक यजमानांच्या सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तेथे तुम्हीही फोन करू शकता.

प्रश्न: हर्बल सिगारेट किंवा ई-सिगारेट चालेल का?

कोणतेही पान जाळले की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतेच, आणि ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे.

प्रश्न: वडिलांनी बिडी सोडली, पण पोट साफ होत नाही म्हणून तंबाखू-चुना सुरू केला. खोकलाही वाढला आहे.

बद्धकोष्ठता खरी आहे. निकोटीन बंद झाल्यावर ती काही आठवडे राहू शकते. त्यावर पाणी, भाज्या, चालणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले साधे औषध पुरते. तंबाखू-चुना आणि मशेरी हे त्याच निकोटीनचे दुसरे दार आहे, आणि त्यातून तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही असेल, तर याच आठवड्यात दाखवा.

श्वासनलिका पुन्हा स्वच्छ होऊ लागल्यामुळे सुरुवातीला खोकला वाढू शकतो, पण दोन आठवड्यांहून अधिक टिकला, कफातून रक्त आले किंवा वजन घटले, तर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी लांबवू नका.

प्रश्न: मुलगा ओलान्झापिन हे मनोविकारावरचे औषध घेतो आणि सिगारेट सोडणार आहे. काही काळजी घ्यावी का?

होय, आणि सोडण्यापूर्वीच घ्यावी. सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध वेगाने शरीराबाहेर टाकते, त्यामुळे धूर थांबला की त्याच मात्रेत रक्तातले प्रमाण वाढते. त्याच प्रकारचे क्लोझापिन आणि दम्यासाठीचे थिओफायलिन यांच्याबाबतही हेच घडते. सोडण्याची तारीख त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना आधी कळवा, आणि मात्रा त्यांनाच बदलू द्या.