पीडीओ म्हणजे एल निनोचंच दुसरं नाव आहे का?

नाही, पॅसिफिक डिकेडल ऑसिलेशन (पीडीओ), म्हणजे पॅसिफिक महासागराच्या पाण्याच्या तापमानात दशकानुदशकं चालणारा चढउतार, वेगळं आहे: एल निनो बहुधा वर्षभरात ओसरतो, पीडीओचा एक टप्पा 20-30 वर्षंही टिकतो आणि तो मुख्यतः उत्तर पॅसिफिकमध्ये दिसतो. उष्ण टप्प्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी तापतं, तर भर समुद्रातलं थंडावतं. विशेष म्हणजे हे नाव 1996 मध्ये दिलं ते मत्स्यशास्त्रज्ञ स्टीव्हन हेअर यांनी. 1977 नंतर अलास्कात सॅमन मासा भरभरून मिळू लागला, तेव्हाच वॉशिंग्टन-ओरेगॉनकडे तो रोडावला. त्या उलटसुलट आकड्यांचं मूळ समुद्राच्या तापमानात होतं. मात्र याला भरती-ओहोटीसारखं वेळापत्रक नाही. 1947 आणि 1977 चे बदल ठळक होते, पण 1998 नंतर काही वर्षांतच पारडं फिरलेलं दिसतं.