'लंडनडेरी एअर' : हवा, धून की चाल?

प्रश्न असा आला आहे : 'डॅनी बॉय' या आयरिश गाण्याच्या चालीला 'लंडनडेरी एअर' म्हणतात. एका मराठी लेखात त्याचं भाषांतर 'लंडनडेरीची हवा' असं वाचलं. हे बरोबर आहे का?

नाही. इथल्या 'एअर'चा वाऱ्याशी संबंध नाही. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून 'सुरावट' या अर्थानेही आला, आणि इटालियन 'आरिया' त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : चाल. 'धून'ही चालेल, पण धून म्हटलं की नुसती वाजवायची वाटते. चालीत शब्दांना बसायला जागा असते.

आणि या सुरावटीची सगळी कहाणी त्या जागेचीच आहे. लिमावाडी गावच्या जेन रॉस यांनी ती उतरवून आयरिश सुरावटी जमवणाऱ्या जॉर्ज पेट्री यांना दिली आणि पेट्रींनी ती 1855च्या संग्रहात छापली, शब्दांशिवाय आणि नावाशिवाय. लिमावाडी उत्तर आयर्लंडच्या लंडनडेरी परगण्यातलं, म्हणून पुढे तेच नाव चिकटलं. ('डेरी' म्हणजे मूळ आयरिशमध्ये ओकची राई. 'लंडन' मागाहून, 1613च्या सनदेने जोडलं गेलं. आजही अनेक जण नुसतं डेरीच म्हणतात.)

'डॅनी बॉय'चे शब्द फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे. 1910 साली त्यांनी ते लिहिले तेव्हा ही चाल त्यांना ठाऊकच नव्हती. 1912 साली अमेरिकेतल्या भावजयीने ती पाठवली, वेदरलींनी शब्द थोडे इकडेतिकडे केले आणि 1913 साली गाणं छापलं गेलं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल :' लिहून माहितीच्या गाण्याची ओळ देत, ते आठवा. तिथे आधी चाल, मग पद. इथे पद आधी लिहून झालं होतं, पण जुन्या चालीवर शब्द बसवायचा व्यवहार तोच.

चाल मनात का राहते, ते पेटीवर वाजवून बघा. सुरुवात मंद्र नी, सा, रे, ग. कुणी हळूच हाक मारावी तशी. उत्तरार्धात मात्र पंचमावरून सूर एकदम तार गंधारावर जातो. तिथे कितीही वेळा ऐकलं तरी माझा श्वास अडतो. नंतर तीच नी-सा-रे-ग पुन्हा येते आणि गाणं षड्जावर विसावतं. डॅनीला निरोप कोण देतंय हे शब्द सांगत नाहीत. आई, बाप, प्रेयसी, कुणीही असेल. पण वाट पाहणं त्या गंधारात पुरेपूर आहे.

याला 'पोवाडा' म्हणू नये. बॅलडला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या इंग्रजी गाण्याला, सरसकट तो शब्द लावतात, पण इथे ना पराक्रम, ना पुरती गोष्ट. 'लंडनडेरीची चाल' आणि 'डॅनी बॉय हे निरोपाचं गाणं' असं खुशाल लिहावं.