शार्कच्या भयपटांत खरोखर घाबरवणारे कोणते?

शार्कच्या तावडीतून वाचण्याची धडपड दाखवणारे, पण पाहताना हसू येणार नाही असे चित्रपट तुम्ही विचारलेत. माझ्या यादीत सगळ्यात वर 'ओपन वॉटर' (२००३). डोकी मोजण्यात गफलत होते, बोट निघून जाते आणि डायव्हिंगला उतरलेलं एक जोडपं भर समुद्रात तरंगत राहतं. बस, एवढीच गोष्ट. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर एक जोडपं असंच मागे राहिलं होतं, त्यावरून ती सुचली. यातले शार्क खरे आहेत. रात्रीच्या वादळात पडदा काळामिट्ट होतो, वीज चमकली तरच काही दिसतं, बाकी नुसते आवाज. मधला त्या दोघांचा वाद काहींना कंटाळवाणा वाटतो. मला तोच सगळ्यात खरा वाटला. अशा वेळी माणसं दुसरं करणार काय?

त्यानंतर ऑस्ट्रेलियाचाच 'द रीफ' (२०१०). नौका उलटते आणि प्रश्न उभा राहतो: पालथ्या बोटीवर बसून राहायचं की बेटाकडे पोहत सुटायचं? पोहताना एक जण मास्क लावून पाण्यात डोकं घालतो, चारही बाजूंना पाहतो. बहुतेक वेळा समोर फक्त निळं धुकं. त्या धुक्यात आता काही हलेल या धास्तीनेच आपला जीव टांगणीला लागतो.

शार्क जितका कमी दिसतो तितका जास्त घाबरवतो, असं माझं मत. 'जॉज'ला (१९७५) हे नाइलाजाने साधलं: यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पिलबर्गने तो बराच वेळ दाखवलाच नाही.

'द शॅलोज' (२०१६) चकचकीत आहे, शेवट अतिच. पण खडकावर अडकलेली नायिका मनगटी घड्याळ लावून शार्कच्या फेरीचा वेळ मोजते, ते झकास जमलंय. '४७ मीटर्स डाउन' (२०१७) मध्ये शार्कपेक्षा डायव्हिंगच्या टाकीतली संपत आलेली हवा जास्त छळते; याचा शेवट आधी कुठे वाचू नका. 'द मेग' (२०१८) मित्रांसोबत धमाल म्हणून ठीक, भीती हवी असेल तर उपयोगाचा नाही.

आणि हो, खरा शार्क माणसाचा असा डूख धरून पाठलाग करत नाही. बऱ्याचदा एकदा चावून निघून जातो. हे माहीत असूनही 'ओपन वॉटर' रात्री एकट्याने बघायची माझी तयारी नाही.