विधानसभेतला प्रश्न लिहितं कोण? देवगडच्या एका वडिलांना उत्तर

पत्र देवगड तालुक्यातून आलं आहे. वडिलांची हापूसची थोडी कलमं आहेत. मुलगी रत्नागिरीत राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या रिकाम्या जागेवर विधानसभेत झालेली प्रश्नोत्तरं तिनं मोबाइलवर पाहिली आणि तेव्हापासून ‘आमदार-खासदारांसाठी असे प्रश्न तयार करायचं काम मला करायचंय’ हे तिच्या मनानं घेतलं आहे. वडील विचारतात, ही नोकरी असते की पक्षाचं काम? घरात कुणी राजकारणात नाही, मग तिला तिथे कोण उभं करणार? गावच्या पुढाऱ्याकडे शब्द टाकू का? आणि पत्राच्या शेवटी मालवणीत एक ओळ आहे, “ह्याच्यार पोट भरतलां काय?”

नमस्कार,

पोटाचं आधी बोलू. भरतं. पण ‘प्रश्न तयार करणारा’ अशा नावाची जागा कधी जाहिरातीत येत नाही. हे काम चार-पाच वेगवेगळ्या नोकऱ्यांत वाटलं गेलं आहे. त्यातल्या काही पक्क्या सरकारी आहेत, तर काही एका लोकप्रतिनिधीच्या मुदतीपुरत्याच. मुलीला यातलं नेमकं काय भावलं हे कळल्याशिवाय वाट ठरणार नाही. म्हणून आधी हे काम चालतं कसं ते सांगतो. शक्य झालं तर दोघं मिळून वाचा.

मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं, असं संविधानाच्या अनुच्छेद १६४ मध्ये लिहिलेलं आहे. ही जबाबदारी रोजच्या कामात दिसते ती प्रश्नोत्तराच्या तासात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतात, आणि त्या विसातले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. याशिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, अर्थसंकल्पाच्या वेळी मागण्यांवरच्या कपात सूचना आहेत. पण मुलीनं पाहिला तो बहुधा तारांकित प्रश्न असणार, म्हणून तेवढाच धरून बोलतो.

अध्यक्षांनी प्रश्न स्वीकारला की तो विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात त्या विभागाच्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे जातो. तिथून संचालनालय, मग जिल्हा, मग तालुका. ओरोसला, आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, जिल्हा परिषदेत कुणी ‘विधिमंडळाचं काम आलंय’ म्हणून संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलेलं दिसलं, तर ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या प्रश्नाची माहिती गोळा करत असतं. माहिती त्याच पायऱ्यांनी वर जाते, प्रत्येक पायरीवर तिच्यावर हात फिरतो आणि शेवटी मंत्र्यांच्या हातात छापील उत्तर येतं. सोबत उपप्रश्नांच्या तयारीसाठी वेगळी टिप्पणी असते.

आता खरी गोम. आपल्या विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘अमुक ठिकाणी तमुक झाले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ समजा, प्रश्नात लिहिलं की एका केंद्रातली वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन्ही पदं दोन वर्षांपासून रिकामी आहेत. प्रत्यक्षात एक पद रिकामं आहे आणि तेही वीस महिन्यांपासून. उत्तर येतं, ‘हे खरे नाही.’ आणि खालच्या सगळ्या उपभागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही.’ रुग्ण तसेच रिक्षा करून कणकवलीला जात राहतात आणि कागदोपत्री विषय संपलेला असतो. पेटीत एक डागी आंबा निघाला की दलाल अख्ख्या पेटीचा भाव पाडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथेही एका चुकलेल्या आकड्यावर सगळा प्रश्न वाया जातो.

म्हणून या कामात भाषेपेक्षा आधी माहिती लागते, आणि ती गावाजवळची लागते. केंद्राची इमारत जिल्हा परिषदेची असते, डॉक्टर बहुधा राज्याच्या आरोग्य सेवेतला, कधी बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायला बांधलेला), कधी कंत्राटी. सपाटीच्या भागात ३०,००० लोकसंख्येमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. हे ठाऊक असलेली व्यक्ती प्रश्न वेगळा लिहिते. ती ‘आरोग्यसेवेची दुरवस्था झाली आहे’ असं लिहीतच नाही, कारण ते मत झालं आणि प्रश्नात मत किंवा युक्तिवाद नियमात बसत नाही. ती विचारते की मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली नियमित किती आणि बंधपत्रित किती, आणि रिकामं पद कोणत्या तारखेपासून. यातल्या कशालाही ‘हे खरे नाही’ म्हणून सुटका होत नाही.

उपप्रश्नाची तयारी हा त्याहून अवघड भाग, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. मंत्री म्हणतात, ‘पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे.’ अशा वेळी आमदारांच्या हातातल्या कागदावर पुढचा प्रश्न तयार असावा लागतो. जाहिरात कधी काढली, किती जणांना नेमणूक दिली, त्यातले किती रुजू झाले, किती सोडून गेले आणि राहायला निवासस्थान होतं का? नेमलेला डॉक्टर टिकत नसेल तर दुखणं भरतीत नसून निवासस्थानात असू शकतं. ते सभागृहात नोंदलं गेलं तरच पैसे योग्य ठिकाणी जातील. मंत्री ‘तीन महिन्यांत करू’ म्हणाले तर ते आश्वासन ठरतं आणि ते पाळलं गेलं का हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, पण उत्तर मिळाल्यावर पुढे काय झालं ते तिच्याच अहवालांत सापडतं.

ब्रिटिश काळात कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क १८९२ च्या कायद्यानं मिळाला. उपप्रश्नाची मुभा मिळाली १९०९ च्या सुधारणांनंतर, तीही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. सरकारला खरी अडचण कशाची वाटत होती ते यावरून कळतं. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले याच काळात कायदेमंडळात होते, आणि आकड्यांवर त्यांची जी हुकमत होती ती सरकारी बाकांवरच्यांनाही मान्य करावी लागे. पुढे आपल्या राजापूर मतदारसंघानं १९५७ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै लोकसभेत पाठवले आणि १९७१ पासून मधु दंडवते. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, म्हणजे प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या. मुलीला या तिघांची संसदीय भाषणं मिळवून वाचायला सांगा. त्यांतला अभ्यास कुठून आला असेल हे ती वाचताना शोधू लागली, तर तो तिला बी.ए.च्या एखाद्या पेपरइतकाच उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट तिला पक्की यायला हवी, ती म्हणजे प्रश्न कोणत्या दारात न्यायचा. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय, म्हणून मंत्री दिल्लीचे. पण इंदापूरच्या पुढे झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडून चालतं, म्हणून तो विषय मुंबईतही येतो. एसटी राज्याच्या परिवहन मंत्र्यांकडे, तर कोकण रेल्वे केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाकडे. दार चुकलं तर ‘ही बाब आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढंच उत्तर मिळतं आणि एक अधिवेशन वाया जातं.

आता नोकऱ्या. संसदेसाठी ‘लॅम्प’ फेलोशिप आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ती चालवते. कोणत्याही शाखेचा पदवीधर, वय २५ पर्यंत, आणि साधारण अकरा महिने दिल्लीत एका खासदारांसोबत काम. प्रश्न, भाषणाची टिपणं, विधेयकांचा अभ्यास, म्हणजे मुलगी म्हणते ते सगळं. खासदार कोणत्याही पक्षाचे असू शकतात, फेलोला पक्षाचं काम करावं लागत नाही. निवड कठीण आहे आणि इंग्रजी लेखन चांगलं लागतं. पदवीनंतर तिच्या हाताशी मोजकीच वर्षं आहेत, म्हणून ही खटपट आधी करावी. फेलोशिप वर्षापुरतीच आहे, पण त्या अनुभवावर संशोधन संस्था, पत्रकारिता, धोरण विषयातलं पदव्युत्तर शिक्षण असे रस्ते खुले होतात.

दुसरी वाट मंत्रालयाची, आणि तुमच्या काळजीला तीच सगळ्यात जवळची. एमपीएससीच्या गट-ब संयुक्त परीक्षेतून सहायक कक्ष अधिकारी होता येतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही पूर्वपरीक्षा देता येते. मी वर सांगितलेल्या कार्यासनावर बसतात ते हेच लोक. म्हणजे ती प्रश्न लिहिणार नाही, उत्तराचा मसुदा लिहील. प्रामाणिक उत्तर लिहिणारी व्यक्ती त्या खुर्चीवर असणं मला प्रश्न लिहिणाऱ्याइतकंच मोलाचं वाटतं. मुलीला हे पटेल की नाही ते तिनं ठरवावं. तुम्ही तिच्यावर लादू नका.

तिसरी वाट विधानमंडळ सचिवालयाची. तिथली भरती वेगळी होते. त्यात प्रतिवेदक हे पद आहे, सभागृहात बोललेला शब्द न् शब्द उतरवून घेणारं. त्यासाठी मराठी लघुलेखन लागतं आणि बरीच वरची गती लागते. राज्य परीक्षा परिषदेच्या लघुलेखनाच्या परीक्षा टप्प्याटप्प्यानं देता येतात. तिची मराठी चांगली असेल तर याचा जरूर विचार करा, कारण आता लघुलेखन शिकणारी मुलं कमी झाली आहेत.

राहिलं आमदारांच्या कार्यालयातलं काम. स्वीय सहायकाला प्रश्नांपेक्षा शिफारसपत्रं, दाखले, फोन आणि लग्नसमारंभांची यादी यांतच जास्त वेळ द्यावा लागतो. काही आमदार अभ्यासाला वेगळं माणूस ठेवतात आणि त्यांच्याकडे शिकायला खूप मिळतं. पण ही नोकरी आमदारकीसोबत येते आणि जाते. पहिली दोन-तीन वर्षं शिकण्यासाठी ठीक आहे, आयुष्याचा आधार म्हणून मी ती सुचवणार नाही.

माझा सल्ला असा. या वर्षी पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करणं, गट-ब परीक्षेचा अभ्यास आत्तापासून सुरू करणं आणि पदवी हातात आली की लॅम्पला अर्ज करणं. संविधान, राज्यव्यवस्था, चालू घडामोडी हा अभ्यास दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे एकासाठी दुसरं सोडावं लागत नाही. निवड नाही झाली तर मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचं एम.ए. करावं. हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरला राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग होतो. त्याची चौकशी तिनं आपल्या विभागात आत्ताच करून ठेवावी.

आणि घरबसल्या, एक पैसा न घालता करण्यासारखं एक काम आहे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात. त्यांतून तिनं सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे प्रश्न वेगळे काढावेत. एक विषय निवडावा, आरोग्य केंद्र किंवा एसटीच्या बंद झालेल्या वस्तीच्या गाड्या, आणि मिळालेलं उत्तर प्रत्यक्षाशी ताडून बघावं. डेपोत जाऊन वेळापत्रक उतरवून घ्यावं, आरोग्य केंद्रात फलकावरची माहिती लिहून घ्यावी, लागलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. मग त्याच साच्यात स्वतःचा प्रश्न, त्याखाली मंत्री देतील असं वाटणारं उत्तर आणि त्यावर तीन उपप्रश्न लिहावेत. हे करताना ती कंटाळली तर तिला सभागृहाचं फक्त आकर्षण आहे असं समजा, आणि ते वाईट नाही, पण मग तिनं दुसरं काही निवडावं. डेपोतून घरी आल्यावर ती अजून दोन आकडे शोधायला परत निघाली, तर या कामासाठी लागणारी चिकाटी तिच्यात आहे.

पुढाऱ्याकडे शब्द टाकायचं मात्र राहू द्या. परीक्षांना आणि फेलोशिपला त्याचा उपयोग नाही, आणि आमदारांच्या कार्यालयात ओळखीनं लागलेल्या मुलीला लोक त्या ओळखीचीच माणूस समजतात. वर सांगितलेल्या कामाची फाइल तयार झाली की तिनं स्वतः तुमच्या आमदारांच्या कार्यालयात जावं, पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न स्वीकारायला सुरुवात व्हायच्या आधी, आणि म्हणावं, ‘हा प्रश्न मी तयार केला आहे, बघता का?’ तुम्ही सोबत जायला हरकत नाही, पण बोलू तिलाच द्या.